आयत्या वेळचे विषय

आघाडीच्या जागावाटपाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत शेवटची ओळ ठरलेली असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. जिल्हा पातळीवरच्या अशा बैठकांची कागदपत्रं मी सांभाळतो आणि माझी पहिली तक्रार या ओळीबद्दल आहे. ज्या जागेवरून सगळं अडलेलं असतं, तिचा वरच्या एकाही विषयात उल्लेख नसतो. ती निघते रात्री उशिरा, निम्मे लोक गाडी गाठायला उठल्यावर.

प्रत्येक पक्षाचे दोनच प्रतिनिधी, असं फोनवर ठरतं. एक पक्ष सात जण आणतो, मग बाकीचेही माणसं बोलावून घेतात. खुर्च्या मागवेपर्यंत तास जातो, पुढचा अर्धा तास बॅनरवर कुणाचा फोटो आधी यात. हे किरकोळ नाही. फोटोवरून अडणारी माणसं मतदारसंघावरून किती अडतील?

सगळ्यात जास्त छळतं ते ‘साहेबांना विचारून सांगतो’. अधिकार नसलेला माणूस तीन तास भांडतो, मिटत आलं की फोन कानाला लावून जिन्यात जातो आणि परत येताना नवीच जागा मागतो. इतिवृत्तावर सही मागितली तर ‘नंतर बघू’. सही नाही, म्हणून पुढच्या बैठकीत मिटलेला विषय पुन्हा पहिल्यापासून. खाली कॅमेऱ्यांसमोर मात्र सगळे सांगतात, चर्चा सकारात्मक झाली.

वरही हेच चालतं. २०१४ साली युती आणि आघाडी एकाच दिवशी तुटल्या, २५ सप्टेंबरला; अर्जांची मुदत होती २७ पर्यंत. २०२४च्या लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ जागांचं वाटप ९ एप्रिलला, गुढीपाडव्याला जाहीर केलं. विदर्भातल्या पहिल्या टप्प्याची मुदत २७ मार्चलाच संपली होती. महायुतीने नाशिकचा उमेदवार १ मेला दिला, मुदत संपायला दोन दिवस असताना. ऑक्टोबरात आघाडीने विधानसभेचं सूत्र सांगितलं, ८५-८५-८५. बेरीज २५५, जागा २८८. उमेदवारच ठरलेला नसेल तर गावातल्या कार्यकर्त्याने दारोदार जाऊन कुणासाठी मत मागायचं? वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्या माणसाचा हा अपमान आहे.

नियम लिहिलेले असतील तर अडलेली बोलणीही पुढे जातात. बेलफास्टला उत्तर आयर्लंडची शांततेची बोलणी १० जून १९९६ला सुरू झाली, तेव्हा अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षपदावरूनच रणकंदन झालं. कामकाजाचे नियम मंजूर व्हायला २९ जुलै उजाडला, सुरुवातीच्या सत्राची विषयपत्रिका ठरायला ऑक्टोबर. पण निर्णय कधी झाला असं धरायचं, हे नियमांत लिहिलेलं होतं: युनियनवादी आणि आयरिश राष्ट्रवादी या दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचं बहुमत हवं, प्रत्येक पक्षाचा होकार नको. १९९७च्या जुलैत दोन पक्ष उठून गेले, तरी बोलणी मोडली नाहीत. १० एप्रिल १९९८ला करार झाला. तिथलं वैर आपल्या जागावाटपापेक्षा कितीतरी जुनं आणि रक्ताचं होतं.

म्हणून सगळ्याच पक्षांच्या नेत्यांना विनंती आहे. पुढच्या बैठकीला अधिकार देऊनच माणूस पाठवा. वादाची जागा पहिल्या क्रमांकावर लिहा. आणि उठण्याआधी इतिवृत्तावर सही करा, पेन मी देतो.