जुळवाजुळवकर

प्रत्येक टीममध्ये एक जुळवाजुळवकर असतोच. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून तो जागेवर बसतो, हेडफोन चढवतो आणि काळं टर्मिनल उघडतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय झपाटून काम करतोय! प्रत्यक्षात तो ओळींच्या नंबरांचा करडा रंग किंचित गडद करत असतो.

एडिटर अर्थातच निओव्हिम. त्याची सेटिंग आधी व्हिमस्क्रिप्टमध्ये होती, ती त्याने लुआमध्ये नव्याने लिहिली. मग प्लगइन मॅनेजर बदलला, म्हणून पुन्हा लिहिली. या फाइलींची गिटवर स्वतंत्र रिपॉझिटरी आहे आणि तिथला एकेक कमिट मेसेज वाचत राहावा इतका नेटका. कंपनीच्या प्रोजेक्टमध्ये मात्र त्याचा मेसेज असतो ‘फिक्स’. एडिटर चाळीस मिलिसेकंदांत उघडतो, हे तो येईल-जाईल त्याला सांगतो. त्यापायी किती रविवार गेले, ते त्याच्या बायकोला विचारा.

कॅप्स लॉकचं त्याने एस्केप केलंय. का, असं चुकूनही विचारू नये. सत्तरच्या दशकात बिल जॉयने व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. तिथे एस्केप होती आजच्या टॅबच्या जागी. तेव्हा कोपऱ्यातल्या एस्केपपर्यंत करंगळी ताणणारे आपण सगळे मूर्ख. हे ऐकताना आपला चहा निवतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बसला की हाच गृहस्थ सवयीने कॅप्स लॉक दाबतो, खाली जायला जे दाबतो आणि ओळी भराभर एकमेकींना चिकटत जातात.

मॅनेजरने हटकलं की तो डोनाल्ड क्नूथना पुढे करतो. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची अक्षरजुळणी पसंत पडेना, म्हणून क्नूथ १९७७ मध्ये स्वतःच टेक ही प्रणाली बनवायला बसले आणि थोडक्यात आटपेल वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं. खरंय. पण क्नूथनी जगाला टेक दिलं. याच्याकडून लॉगिनचं पान यायचंय.

खोटं कशाला बोला, एकदा त्याने आम्हाला तारलंही. रिलीजच्या रात्री शेकडो ओळींतल्या तारखा उलट्या पडल्या होत्या. त्याने एका ओळीवर मॅक्रो रेकॉर्ड केला, बाकीच्या ओळींवरून फिरवला आणि आम्ही शेवटची कॅब निघायच्या आत मोकळे. दुसऱ्या दिवसापासून तो त्या मॅक्रोचं प्लगइन करतोय. तारखा पुन्हा कधी उलटल्या नाहीत.

परवा टीममध्ये एक नवी मुलगी आली. तिचा व्हीएस कोड जसा डाउनलोड झाला तसाच, फॉन्टसुद्धा बदललेला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने तीन तिकिटं बंद केली. जुळवाजुळवकर तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

“अगं, माऊस वापरतेस? सरक जरा, सेटअप करून देतो.”

तिचं चौथं तिकीट अजून उघडंच आहे.