अर्धा माणूस हजर आहे

कोरोना जाताना सगळ्यांना सांगून गेला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जगाला रीतसर कळवलंही. फक्त आमच्या तालुक्याच्या कचेरीची प्रत आवक-जावकमध्ये अडकली असावी. तिथल्या दारावर ‘कोविड-१९च्या प्रादुर्भावामुळे अभ्यागतांना मर्यादित प्रवेश’ हा कागद अजून डिंकाच्या जोरावर तग धरून आहे. खालची तारीख उन्हाने पुसून गेली. कंत्राटी कामगारांना जे वर्षानुवर्षं मिळत नाही ते या कागदाला परस्पर मिळालं : कायम नेमणूक.

आत खिडकीवर अ‍ॅक्रिलिकचा पडदा आहे. कागद सरकवायला त्याला खाली अर्धगोल भोक पाडलंय. भोकाची उंची अशी, की उभं राहून बोललं तर आवाज आत पोचत नाही आणि बसायला खुर्ची नाही. मग माणूस कमरेत वाकतो, मान तिरकी करतो आणि भोकाशी तोंड नेऊन बोलतो. पडद्यावर इतके ओरखडे, की पलीकडचा माणूस हसतोय का चिडलाय ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने हीच सोय. पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँडही जागेवर आहे. बाटली कधीच गेली, तिच्या जागी हेल्मेट लटकतं आणि पावसाळ्यात छत्री. वाकलेल्या अवस्थेत आत नजर टाकली की टेबलं दिसतात. टेबलांची उपस्थिती शंभर टक्के.

‘कुणी आहे का?’

‘मी आहे ना.’

‘फेरफारचं तुम्ही बघता?’

‘नाही, मी नुसता आहे.’

फेरफारचं कोण बघतं, तर ज्या मॅडम बघायच्या त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी जे यायचे ते आले नाहीत. ज्यांच्याकडे चार्ज आहे ते आज दुसऱ्या सजावर. आणि शेवटी तो उसासा, जो आता राज्यगीतानंतर सर्वाधिक ऐकू येत असेल : ‘कोरोनापासून स्टाफच नाही हो.’

कोरोनापासून? बघू.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवार गेला म्हणून रोजचे तास वाढवले, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासावर आणली. नवी घडी बसते न बसते तोच विषाणूने उरलेले पाच दिवसही मागून घेतले. मार्चमध्ये आठवडाभरातच उपस्थिती ५० टक्के झाली, मग २५, मग ५. आता गणित करा. आमच्या कचेरीत मंजूर पदं वीस. त्यातली भरलेली अकरा. हे कोरोनाच्या आधीचं, तेव्हा वुहान कुणाला नकाशात सापडलं नसतं. अकराचे पाच टक्के म्हणजे ०.५५. थोडक्यात, अर्धा माणूस. पुढे एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत १५ टक्क्यांचा हुकूम आला, तेव्हा जवळजवळ पावणेदोन माणसांपर्यंत मजल गेली. नंतर निर्बंध उठले, शंभर टक्के उपस्थितीचे आदेश निघाले. पण शंभर टक्के कशाचे? अकराचेच. त्यातले दोन मध्ये निवृत्त झाले, एकाची बदली झाली, एक प्रतिनियुक्तीवर गेले ते तिकडेच रुळले. खिडकीआड ‘नुसता’ असलेला तो गृहस्थ मला तरी त्या पाच टक्क्यांतलाच वाटतो. अजून त्याला कुणी ‘उरलेला अर्धाही या’ असं कळवलेलं नाही.

इथे थोडं सरळ बोलतो, कारण गैरहजेरी सगळी एका मापाची नव्हती. सांगली-सोलापूरकडचे एसटीचे चालक-वाहक मुंबईत बेस्टच्या मदतीला पाठवले गेले. ते आपल्या आगारात गैरहजर होते ते या कारणाने, आणि त्यातले कितीतरी जण ताप घेऊन परतले. शिक्षक शाळेत नव्हते, कारण ते नाक्यावर गाड्या मोजत होते नाहीतर घरोघर सर्वेक्षण करत होते. आशा ताई सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत दारोदार ताप मोजत फिरल्या आणि स्वतःच्या मानधनासाठी त्यांना पुढच्या जूनमध्ये संप करावा लागला. कोविडच्या कामात जीव गेला तर ५० लाखांचं सानुग्रह साहाय्य जाहीर झालं होतं. ते मिळवायला किती घरांनी किती कागद जोडले ते त्या घरांना विचारा. यांच्यापैकी कुणी ‘कोरोनामुळे जमलं नाही’ म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. हे वाक्य ज्यांना ठणठणीत राहून घरी बसायला मिळालं, त्यांच्याच तोंडी जास्त बसलं.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली आणि घरगुती विलगीकरण सात दिवसांवर आलं. आमच्या एका साहेबांचे ते सात दिवस होळीपर्यंत पुरले. फोन केला की ‘साहेब पॉझिटिव्ह आहेत’. इतका पॉझिटिव्ह माणूस त्या खात्यात आधी कधी झाला नव्हता.

पण साहेबांना झोडपण्यात मजा असली तरी त्यात खरा चोर सुटतो. खुर्चीवर माणूस नसण्याची दोन कारणं असतात : माणूस आला नाही, किंवा माणूस नेमलाच नाही. पहिल्यावर आपण ओरडतो, दुसऱ्यावर कुणी ओरडत नाही, कारण न नेमलेल्या माणसाचं तोंड कुणी पाहिलेलं नसतं. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने शासन निर्णय काढला : विकासकामांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी, आणि आरोग्यासारखी खाती सोडून नवी पदभरती बंद. तिजोरी रिकामी होती, समजू शकतो. पण रिकाम्या जागा त्या दिवशी जन्मल्या नाहीत. त्या आधीपासून होत्या, कोरोनाने त्यांना फक्त जन्मदाखला दिला. आता राज्यात दोन लाखांहून अधिक सरकारी पदं रिकामी असल्याचं सांगितलं जातं आणि सगळ्यांचा बाप एकच लावला जातो.

भरती करायला घेतली, तर तीही कोरोनामुळे लांबली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला होती. ती पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, मग आणखी ढकलली. १४ मार्च २०२१ ही तारीख नक्की म्हणून सांगितली आणि तीन दिवस आधी तीही रद्द केली. पुण्यात पोरं रस्त्यावर बसली. कारण असं सांगण्यात आलं, की परीक्षेच्या कामाला लागणारे कर्मचारी साथीच्या कामात अडकलेत. म्हणजे कर्मचारी कमी म्हणून कर्मचारी निवडायची परीक्षा लांबणीवर, आणि परीक्षा लांबणीवर म्हणून कर्मचारी कमी. एवढं गोल चक्र तर चौकातल्या वाहतूक बेटालाही नसतं. पोरं बसली म्हणून परीक्षा २१ मार्चला झाली. आठ दिवसांत कर्मचारी कुठून आले, ते कुणी विचारलं नाही.

आरोग्य खात्याची गंमत तर गंमत म्हणवत नाही. साथ चालू, माणसं हवीत, भरतीला परवानगी. २५ सप्टेंबर २०२१ ला परीक्षा, आणि आदल्या दिवशी उमेदवारांना कळलं की ती होणार नाही. तोवर निम्मे लोक एसटीत बसले होते. मग ऑक्टोबरमध्ये ती झाली, तर पेपर फुटला. पुण्याच्या सायबर पोलिसांनी एकेक करत माणसं उचलली, त्यात खात्यातलेच अधिकारी निघाले. तेव्हा मात्र सगळे कामावर हजर होते.

खासगीवाल्यांना मोकळं सोडतो असं समजू नका. त्यांनी तर हा धडा सोन्याच्या भावाने विकत घेतला. मार्च २०२० मध्ये ‘सध्याच्या परिस्थितीमुळे आमचे मर्यादित प्रतिनिधी उपलब्ध आहेत’ असं त्यांनी यंत्रावर बोलून ठेवलं. परिस्थिती बदलली, कंपनीचा नफा बदलला, प्रतिनिधी मर्यादितच राहिले. मर्यादित प्रतिनिधींत काम भागतं, ग्राहक पाऊण तास संगीत ऐकत थांबतो आणि शिवाय सहानुभूतीही दाखवतो, हे एकदा कळल्यावर कोण शहाणा माणसं वाढवेल? माझ्या विम्याचा एक कागद अशाच मर्यादित हातांतून फिरतोय. यंत्रावरच्या बाईंचा आवाज गोड आहे. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,’ त्या म्हणतात, आणि मला खरंच त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, कारण बहुतेक आता त्याही तिथे नोकरीला नसतील.

उशीर कुणाचा, यावरही बरंच ठरतं. विजेचं मीटर वाचायला माणूस येऊ शकत नव्हता, म्हणून २३ मार्च २०२० पासून रीडिंग थांबलं. बिल मात्र थांबलं नाही. सरासरीने आलं आणि जूनमध्ये तीन महिन्यांचा हिशोब एकत्र अंगावर आला. लोकांनी बिलं जाळली, त्याने युनिट कमी झाले नाहीत. सरकारला स्वतःला उशीर झाला की तिथे मुदतवाढ. संपलेली वाहन लायसन्सं वाढत वाढत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालली, हे बरंच केलं म्हणा. केंद्राच्या निवृत्तांना हयातीचा दाखला द्यायलाही २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवून मिळालं. तुम्ही जिवंत आहात का, हे नीट ठरवून सांगायला त्या वर्षी जादा वेळ लागणारच होता.

तर आता माझा फेरफार. घरात दुसऱ्या लाटेत माणूस गेलं, मागे सातबारा राहिला, वारसनोंद करायची. नियम साधा आहे. तलाठ्याने नोंद धरायची, नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करायची. आमच्या घरात हरकत घेणारं कुणी नाही. हरकत फक्त रिकाम्या खुर्चीची आहे. आमच्या तलाठ्याकडे आणखी दोन सजांचा चार्ज. हा माणूस सोमवारी एका गावात असतो, मंगळवारी दुसऱ्या, आणि तिसऱ्या गावाला तो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर भेटतो. त्याला दोष देववत नाही. तिन्ही गावांच्या शिव्या त्याला मिळतात, पगार एकाच गावाचा. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली, तेव्हा दहा लाखांवर अर्ज आले आणि खुल्या वर्गाला अर्जाचे हजार रुपये पडले. जागा कधी भरल्या आणि किती भरल्या ते आमच्या सजाला कळलेलं नाही. मध्यंतरी तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, तेवढं मात्र वेळेत झालं.

कुणीतरी सांगितलं, राज्यात लोकसेवा हक्क अधिनियम आहे, २०१५ चा. ‘आपली सेवा आमचे कर्तव्य’ हे त्याचं ब्रीद. मुदतीत सेवा नाही मिळाली तर पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. मी कायदा मानणारा माणूस. अपील लिहिलं, तिकीट लावलं, पोच घेतली. सुनावणीला बोलावणं आलं तेव्हा घरात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

आत गेलो तर अपिलाच्या खुर्चीवर आमचेच साहेब. ज्यांच्या कचेरीविरुद्ध अपील, तेच.

‘इथलं पद रिकामं आहे ना,’ ते म्हणाले, ‘कोरोनापासून. अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे.’ मग त्यांनी अपील पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, दोनदा मान हलवली. ‘तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. फार उशीर झालाय. खालच्या कार्यालयाकडून खुलासा मागवावा लागेल.’

‘खालच्या कार्यालयात खुलासा कोण देणार?’

‘मीच,’ साहेब म्हणाले. ‘पण सोमवारनंतर. या आठवड्यात मी इकडे हजर आहे.’