सोसायटीच्या सर्वमान्य मध्यस्थांस

माननीय भाऊसाहेब,



परवा तिसऱ्या मजल्यावरचा नवरा-बायकोचा तंटा आपण चहा निवायच्या आत मिटवलात, त्याबद्दल अभिनंदन. तिच्या गालावर वळ होते. आपण विचारलंत, “पण तू काय बोललीस त्याला?” शिवाय, माणूस मनाचा वाईट नाही, जरा तापट आहे, असा दाखलाही दिलात. हा तापट माणूस ऑफिसात साहेबापुढे कधीच कसा तापत नाही, हे एकदा त्यालाच विचारा.

आणि तळमजल्यावरचा तो, ज्याच्या हाताला बायकोनं तापलेलं उलथनं लावलं? त्याला आपण प्रश्नही विचारला नाहीत. “बांगड्या भर,” म्हणालात. जिन्यात हशा पिकला. ऐन मे महिन्यात तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून फिरतोय. आपल्या पंचनाम्यात जखमेला रकानाच नाही. बाईनं पायरी कुठे सोडली आणि पुरुषाचा मर्दपणा किती उरला, एवढीच नोंद.

आपण एकटे नाही म्हणा. काही कारणांसाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं. सासू-सासऱ्यांचा अनादर हे सर्वांत लाडकं कारण. आधीच्या फेरीत बायका ५२ टक्के होत्या, त्या उतरल्या. पुरुष ४२ होते, ते चढले. आपली शिकवणी वाया गेलेली नाही.

शेजारी मारहाण ऐकू आली तर काहीतरी निमित्त काढून दाराची बेल वाजवा, असं २००८ साली ‘बेल बजाओ’ मोहिमेनं पुरुषांना सांगितलं होतं. आपणही वाजवता, गणपतीच्या वर्गणीसाठी. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानुसार बाईचा छळ कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर बालंट येत नाही. (तळमजल्यावरच्याला हा कायदा लागू नाही. त्याच्यासाठी दुखापतीचं कलम आहे, पण तो चौकीत पोचण्याआधी आपला विनोद पोचलेला असतो.) तेव्हा ‘आपण कशाला मध्ये पडा’ ही सबब गेली. नवी सुचेपर्यंत त्या अधिकाऱ्याचा नंबर फलकावर, पार्किंगच्या दंडाशेजारी लावावा, असा ठराव येत्या सभेत मांडतोय. सूचक मी, अनुमोदक म्हणून आपलं नाव घातलं आहे.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा