रक्ताचे कानसेन

तात्यांचा डोळ्यांवर विश्वास नाही. डोळा ही मुळातच लबाड वस्तू आहे, समोरचा जे दाखवील ते मुकाट्याने बघते, असं त्यांचं मत. दुधात पाणी किती हे ते बघत नाहीत, भांड्यात ओतताना ऐकतात. शेजारच्या घरातला मिक्सर सुरू झाला की पेपरातून मान वर न काढता 'बुश गेलाय' असं जाहीर करतात आणि पंधरवड्यात तो मिक्सर दुरुस्तीला जातो. घरी पाहुणा आला तर तात्या मान किंचित डावीकडे कलती करतात, डोळे मिटतात आणि त्याचं बोलणं ऐकत राहतात. नवख्याला वाटतं, तात्यांचा डोळा लागला. जुना माणूस जपून बोलतो.

मिरजेत हे खपून जातं. ज्या गावात सतार-तंबोऱ्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नांदले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात दर वर्षी गाणं होतं, तिथं कानाला मान आहे. तात्या लहानपणी सुट्टीत एका कारखान्यात जाऊन बसत. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढायचा आणि हे पोरगं तार छेडून 'अजून बोलत न्हाई' असा निकाल द्यायचं. पुढे पोटाचा प्रश्न आला तेव्हा तात्या मिरजेच्या दुसऱ्या परंपरेकडे वळले. मिशनरी डॉक्टर वॉन्लेससाहेबांनी १८९४ साली इथं इस्पितळ काढलं तेव्हापासून हे डॉक्टरांचंही गाव आहे. तात्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत वायर घालून तपासतात त्या खोलीत, टेक्निशियन झाले. डॉक्टर टेबलापाशी आणि तात्या काचेपलीकडे कन्सोलवर, ही मांडणी. पण साहेबांची वायर कुठं चुकली हे साहेबांच्या आधी तात्यांना कळे, कारण ते पडद्याकडे पाठ करून बसत.

तात्यांचा जीव जडला तो डॉपलर वायरवर. ही वायर ०.०१४ इंच जाडीची, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची. तिच्या टोकाला एक चिमुकला स्फटिक. मनगटातून किंवा जांघेतून ही वायर थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत नेऊन ठेवायची. स्फटिक सेकंदाला एक कोटी वीस लाख कंपनांचा आवाज सोडतो, मग गप्प होऊन ऐकतो, पुन्हा सोडतो, पुन्हा ऐकतो. ('बोलून झाल्यावर ऐकतो, हे माणसाला जमलेलं नाही,' ही तात्यांची जोड.) टोकापुढे पाचेक मिलिमीटरवर धावणाऱ्या तांबड्या पेशींवर आपटून तो आवाज परत येतो आणि पेशींच्या वेगाप्रमाणे त्याची कंपनं बदललेली असतात. त्या बदलावरून रक्ताचा वेग काढायचा.

इथं तात्या हात जोडतात. कारण सोडलेला आवाज माणसाच्या कानाच्या आवाक्याबाहेरचा. कान फार तर वीस हजारांपर्यंत जातो. पण रक्त सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगानं वाहत असेल, तर जाताना आणि येताना यांतला फरक निघतो सुमारे तीन हजार कंपनांचा. तो बरोबर आपल्या कानात मावतो. म्हणून यंत्राला चक्क स्पीकर असतो आणि माणसाचं रक्त खोलीभर ऐकू येतं. "देवाला ऐकवायचं नसतं," तात्या म्हणतात, "तर हिशेब असा जुळवला असता होय?"

त्या आवाजात एक खोच आहे. हृदय आवळतं तेव्हा आवाज लहान आणि सैल पडतं तेव्हा मोठा. हृदय आवळताना स्वतःच्याच स्नायूतल्या रक्तवाहिन्या दाबून टाकतं, त्यामुळे डाव्या बाजूच्या धमनीला रक्त मिळतं ते मुख्यतः विश्रांतीच्या क्षणात. तात्या हे शिकाऊ पोरींना एका वाक्यात सांगतात: "सगळ्या अंगाला वाढून झाल्यावर शेवटच्या पंगतीला बसणारा अवयव आहे हा. वाढप्याचं जेवण कसं झालं, ते आपण ऐकायचं."

एकदा मुंबईहून एक तरुण डॉक्टर आले होते. वायर ठेवली, पडद्यावर आलेख उमटला, डॉक्टर म्हणाले, "सिग्नल दिसतोय."

"दिसतोय," तात्या पाठमोरेच म्हणाले, "पण लागत न्हाई."

डॉक्टरांना हे समजायला थोडा वेळ लागला. वायरचं तोंड प्रवाहाच्या रेषेत हवं. वीस अंशांनी कललं तर वेग फार तर सहा टक्के कमी दिसतो, तेवढं चालतं. पण पार आडवं झालं तर रक्त भरधाव असूनही यंत्र म्हणतं, काहीच नाही. आणि टोक भिंतीला टेकलं तर रक्ताऐवजी धमनीची धडधडच ऐकू येते. "साहेब, भिंत बोलालीय. वायर जरा मागं घ्या. आणखी एक केस. आता फिरवा. हां!" स्पीकरमधून स्वच्छ, भरदार लाट उसळली. डॉक्टरांच्या तोंडून 'वा' निघून गेलं. तात्यांनी मान लववून ते स्वीकारलं, जणू मिंड त्यांनीच घेतली होती.

या यंत्रामागचा इतिहास तात्या रोग्याच्या नातेवाइकांना न मागता देतात. ख्रिस्तियान डॉपलर हा गणिती माणूस. त्यानं १८४२ साली प्राग शहरात निबंध वाचला तो जोडताऱ्यांच्या रंगांवर. रक्ताशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट नावाच्या शास्त्रज्ञानं आगगाडीवर कर्णे वाजवणारे बसवले आणि रुळाशेजारी तयार कानाचे वादक उभे केले. गाडी येताना सूर चढलेला, जाताना उतरलेला. "म्हणजे जगातलं पहिलं डॉपलर मशिन कोण?" तात्या विचारतात. बाहेर बाकावर बसलेल्या सूनबाईंना त्या वेळी सासऱ्यांची काळजी असते. "गवयाचा कान!" तात्याच उत्तर देतात.

हा प्रयोग मिरजेत करून पाहण्यासाठी तात्यांनी दोन भाच्यांना स्टेशनवर नेलं. पण मिरज जंक्शन. बहुतेक गाड्या इथं थांबतात आणि थांबणाऱ्या गाडीच्या भोंग्यातून शास्त्र सिद्ध होत नाही. शेवटी तिघं गावाबाहेर रेल्वे फाटकाशी मालगाडीची वाट बघत उन्हात उभे राहिले. मालगाडी आली, धडाडत गेली, फक्त भोंगा वाजला नाही.

तात्यांचं खरं वैर आहे टक्क्यांशी. सकाळी मैदानावर फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींत टक्क्यांवरून प्रतिष्ठा ठरते. हेडमास्तरांना सत्तर टक्के ब्लॉक, एसटीच्या कंट्रोलरना नव्वद. नव्वदवाले बोलू लागले की सत्तरवाल्यांनी थांबायचं. फेऱ्या झाल्यावर टपरीवरच्या किटलीतून पहिला चहा नव्वदला. तात्या यावर भडकतात. "अहो, टक्का कशाचा? धमनीत डाय सोडला, त्याची सावली पडद्यावर पडली, ती बघून साहेबांनी नजरेनं सांगितलेला आकडा तो. सावली बघून रक्त किती वाहतंय ते कळतंय होय?"

यामागे शास्त्र आहे आणि ते तात्या कधी सोडत नाहीत. हृदयतज्ज्ञ लान्स गूल्ड यांनी १९७४ साली दाखवून दिलं की धमनी बरीच अरुंद झाली तरी विश्रांतीतला प्रवाह कमी होत नाही. पुढच्या बारीक वाहिन्या स्वतःहून रुंद होतात आणि तूट भरून काढतात. पण अशी तूट भरता भरता शिल्लक संपत जाते आणि गरजेच्या वेळी प्रवाह वाढू शकत नाही. म्हणून औषध देऊन प्रवाह मुद्दाम वाढवायचा आणि तो विश्रांतीच्या किती पट होतो ते मोजायचं. निरोगी धमनीत तीन-चार पटीनं वाढतो. दोनच्या खाली अडला, तर काळजीचं. या पटीला म्हणतात 'फ्लो रिझर्व्ह'.

हा रिझर्व्ह तात्यांच्या डोक्यात इतका भिनला की त्यांनी तो माणसांना लावला. मुलीचं लग्न ठरवताना मुलाकडची मंडळी आली. मुलगा शांत, हसतमुख, पोहे वाखाणणारा. सगळ्यांना पसंत पडला. तात्या म्हणाले, "विश्रांतीत सगळे जावई चांगलेच असतात." आणि बोलणी पुढे नेण्याआधी त्यांनी सगळ्या मंडळींना वैशाखात भर दुपारी दंडोबाच्या डोंगरावर देवदर्शनाला नेलं. मुलाच्या वडिलांना धाप लागली, आई वाटेत बसली, मामा चप्पल तुटल्यावर तात्यांच्या घराण्याविषयी काहीबाही बोलले. मुलगा मात्र आईची पिशवी आणि वडिलांचा हात धरून वर पोचला आणि वर गेल्यावरही त्याचा आवाज चढला नव्हता. तात्यांनी मान डावीकडे कलती करून चार वाक्यं ऐकली आणि खाली उतरायच्या आत होकार दिला. त्या मामांनी अजून तात्यांच्या घरचं पाणी घेतलेलं नाही.

तात्यांच्या राज्याला ओहोटी लागली ती प्रेशर वायरमुळे. ही वायर अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजते आणि त्यांचं गुणोत्तर देते, ०.८० किंवा त्याखाली आलं तर स्टेंट, वर राहिलं तर बहुधा औषधगोळ्या. डॉपलरसारखी ही रुसत नाही, भिंतीला टेकली तरी तिचं फारसं बिघडत नाही. त्यात २००९ साली 'फेम' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. अमेरिका आणि युरोपातले १,००५ रोगी. निम्म्यांना डोळ्यांनी बघून स्टेंट टाकले, निम्म्यांना दाब मोजून. बघून टाकले तिथं माणशी सरासरी २.७ स्टेंट लागले. मोजून टाकले तिथं १.९, आणि वर्षअखेरीस त्रासही मोजलेल्यांनाच कमी झाला. डोळ्यांचा हा पराभव ऐकून तात्यांनी कॅथलॅबमध्ये पेढे वाटायला हवे होते. उलट ते दोन दिवस न जेवल्यासारखे फिरत होते. "निकाल बरोबर आहे," ते म्हणाले, "पण त्या वायरला स्पीकर न्हाई."

मग तो दिवस आला. जिना चढताना तात्यांच्या छातीत आवळल्यासारखं झालं. अँजिओग्राफीत पुढच्या मोठ्या धमनीत, म्हणजे एलएडीत, अरुंद जागा दिसली. "साठ-सत्तर टक्के असेल," साहेब म्हणाले. टेबलावर उताणे पडलेल्या तात्यांनी डोळे मिटले. "टक्के नकोत साहेब. कपाटात खालच्या खणात आपली वायर आहे. मुदत संपलेली न्हाई, मी बघून ठेवलीय."

वायर आत गेली आणि स्पीकरमधून पहिल्यांदाच तात्यांचं रक्त बोललं. ऑपरेशनच्या टेबलावर स्वतःच्या धमनीतल्या वायरला स्वतःच सूचना देणारा रोगी त्या खोलीनं पाहिला नव्हता. "मागं... मागं... भिंत बोलालीय... फिरवा... हां, लागला!" १९२९ साली जर्मनीत फोर्समन या डॉक्टरानं आपल्याच दंडातून हृदयापर्यंत नळी सारून, चालत जाऊन एक्स-रे काढला होता. तात्या त्याच्याच घराण्यातले, फक्त चालण्याचा भाग साहेबांनी नाकारला.

मग प्रवाह वाढवण्यासाठी शिरेतून अ‍ॅडेनोसिन सुरू झालं. आजवर प्रत्येक रोग्याला तात्यांनी काचेपलीकडून माइकवर एकच वाक्य ऐकवलं होतं: "काही न्हाई ओ, दोन मिनिटं छातीत जड वाटेल." आता त्यांचा चेहरा लालबुंद झाला, छातीवर कुणीतरी पोतं ठेवलं आणि तात्या ओरडले, "अगं आई आई आई!"

"काही न्हाई ओ, दोन मिनिटं छातीत जड वाटेल," माइकवरून सिस्टर म्हणाल्या.

"कोण शिकवलं हे वाक्य तुला?"

"तुम्हीच की, तात्या."

विश्रांतीत १८, औषधानंतर ५०. सेकंदाला सेंटिमीटर. पट २.८. "स्टेंट नको," साहेब म्हणाले, "गोळ्या आणि चालणं. वायर काढतो."

"एक मिनिट थांबा की. इतकी वर्षं दुसऱ्यांचंच ऐकलं."

बाहेर बाकावर बसलेल्या तात्यांच्या पत्नीला आतली बातमी कळली तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात कुणाचं ऐकलं न्हाई. आता स्वतःचं ऐकत पडलेत."

नातेवाइकांची मात्र निराशा झाली. पुण्याचे भाचेजावई रजा टाकून, शहाळी घेऊन आले होते. स्टेंट नाही हे ऐकून त्यांनी तात्यांना समजावलं, "मामा, २०१७ साली सरकारनं औषधवाल्या स्टेंटवर २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, तेव्हापासून परवडतात. आलाच आहात तर एक टाकून घ्या." धाकट्या चुलत्यांनी डॉक्टर बदलायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी तात्या मैदानावर आले. सगळे जमले.

"किती टक्के?" कंट्रोलरनी विचारलं.

"दोन पॉइंट आठ," तात्या अभिमानानं म्हणाले.

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. हेडमास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दोन पॉइंट आठ टक्क्यांसाठी अँजिओग्राफी? आम्हाला विचारायचं की ओ." तात्यांनी प्रागपासून सुरुवात केली, पण गाडीवरचे कर्णे वाजायच्या आत मंडळी टपरीकडे वळली होती.

तेव्हापासून चहाच्या रांगेत तात्यांचा नंबर शेवटचा असतो. पहिला चहा नव्वदला, दुसरा सत्तरला. तात्या मान डावीकडे कलती करून, डोळे मिटून किटलीतून ओतल्या जाणाऱ्या धारेचा आवाज ऐकतात आणि जाहीर करतात, "शेवटच्याला अर्धाच येणार." आणि अर्धाच येतो.