चौथा खांब

हरिश्चंद्रगडावर लोक कोकणकडा बघायला जातात. आमचा मेव्हणा खांब तपासायला आला होता. तो बांधकाम खात्यात आहे, त्यामुळे उभी असलेली कुठलीही गोष्ट त्याला संशयास्पद वाटते.

अकोले, राजूर करत पाचनईला पोचलो. राजूरला घेतलेले पेढे पायथ्यालाच संपले. पाचनईची वाट सगळ्यांत सोपी, असं जो तो सांगतो. सांगणारे सगळे पंचविशीतले असतात. सरबताचं पाल दिसलं की बसायचं, या धोरणानं दुपारी देवळापाशी टेकलो. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ काय देखणं! चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ इथंच लिहिलं म्हणतात. मेव्हण्याचं लक्षच नाही. “दाजी, खांब कुठाय?”

केदारेश्वराची गुहा तिथून जवळच. आत कंबरभर पाणी, मधोमध पाचेक फुटांची पिंड आणि भोवती चार खांब. म्हणजे होते चार. तीन तुटले, एक उभा आहे. एकेक युग सरलं तसा एकेक खांब पडला. हा चौथा पडला की कलियुगही संपलं, जगबुडी!

मेव्हण्यानं तिथंच तोंडी हिशेब मांडला. कलियुग 4,32,000 वर्षांचं. ते लागलं इसवी सनापूर्वी 3102 मध्ये. म्हणजे सव्वाचार लाखांहून जास्त वर्षं शिल्लक. “एवढी गॅरंटी आमचा एकही ठेकेदार देत नाही,” तो भारावून म्हणाला.

मग मीच खडा टाकला. गुहा फार तर हजार-दीड हजार वर्षांची. सत्ययुग सरून लाखो वर्षं झाली. म्हणजे पहिला खांब खोदायच्या आधीच पडला?

“होतं असं,” तो शांतपणे म्हणाला. “आमच्याकडे एक पूल बांधायच्या आधी वाहून गेलाय.”

खांब निरखता निरखता त्याचा चेहरा मात्र पडला. “दाजी, यांच्यावर छताचा भारच नाही. डोंगर पोखरत आत गेले, नको तेवढा दगड काढला, खांब तेवढे ठेवले. तीन गेले तरी छताला पत्ता नाही. म्हणजे चौथा जरी...”

“गप रे!” बायको ओरडली. चार अनोळखी माणसांनीही वळून डोळे वटारले. बाहेरून सरबतवाल्या मावशींचा आवाज आला, “असं बोलू न्हाई दादा.”

एरवी आपली जमात दिसेल त्या दगडावर बदाम कोरून मोकळी होते. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असला, तर आधी त्याच्यावर. इथं मात्र फोटोला उभी राहणारी दांडगी पोरंही खांबापासून अंग चोरत होती. न जाणो, आपल्याच धक्क्यानं जग बुडालं तर घरी काय सांगायचं?

मेव्हणा प्रदक्षिणेला पाण्यात उतरला. पाणी असं गार, की त्या नास्तिकाच्या तोंडून थेट “महादेवा!” निघालं. दुसऱ्याच पावलाला शेवाळावरून पाय सटकला आणि त्यानं दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली.

“खांब सोड!” अख्खी गुहा एका आवाजात ओरडली.

त्यानं सोडला. बुडाला. नाकातोंडातलं पाणी शिंकरत वर आला, तर बायको काठावर वाकून विचारत होती, “हलला का रे?”

“हात हलतोय, ताई. गुडघा जरा...”

“अरे, खांब!”