दरीचे दरपत्रक

खालापूर-कर्जतच्या रस्त्यावर मरायचेच असेल तर जागा, वेळ आणि सोबत पाहून मरावे. सरकारी दर त्यावर ठरतो. 15 एप्रिल 2023 च्या पहाटे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाजवळ, गोरेगावच्या झांजपथकाची बस दरीत कोसळली आणि 13 जण गेले. मुख्यमंत्री खोपोलीत आले, मृतांच्या वारसांना 5-5 लाख जाहीर झाले. ते द्यायलाच हवे होते. पण कर्जत-खोपोली रस्त्यावर रात्री अज्ञात वाहनाने एखाद्या सायकलवाल्याला उडवले, तर कायद्याने ठरलेला दर 2 लाखांचा. तोही 1 एप्रिल 2022 पासून. त्याआधी 25 हजारांत काम भागत होते. त्यासाठी प्रांत किंवा तहसीलदारांनी चौकशी करायची, अलिबागहून जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी द्यायची, आणि तोवर घरच्यांनी मजुरी बुडवून कागद गोळा करायचे. तेव्हा शहाण्याने एकटे मरू नये.

दर ठरले की कारण शोधायची गरज उरत नाही, कारण तेही ठरलेलेच असते: चालकाचा ताबा सुटला. वळणाची आखणी करणाऱ्याचा, कठड्याचे बिल मंजूर करणाऱ्याचा ताबा आजवर सुटल्याचे ऐकिवात नाही. मग घाटाची जबाबदारी शिंगरोबावर येते. इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून लोक त्याला मानतात आणि जाता जाता नाणे टाकतात. हा सर्वांत जुना टोल. खालापूरच्या टोलपेक्षा स्वस्त, आणि फास्टॅगमध्ये शिल्लक नाही म्हणून अडवत नाही. त्याला रीतसर रस्ता सुरक्षा आयुक्त नेमावे. निदान निविदा तरी निघणार नाही.

पण नशिबाची ही भाषा मोडून काढणारा पुरावा त्याच घाटात आहे. तिथून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसे मेली. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी अपघातांच्या जागा एकेक करून तपासल्या, उघडे कठडे आणि खांब झाकले, पट्टे-फलक लावले, वेगावर नजर ठेवली. 2023 पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालक तेच, घाई तीच, लेन कापायची खोडही तीच. माणूस सुधारला नाही. त्याच्या चुकीला मृत्युदंड देणे रस्त्याने थोडे कमी केले, एवढेच. चालक चुकतो हे खरेच आहे. पण जो चुकणारच हे ठाऊक आहे, त्याच्यासाठी न चुकणाऱ्याचा रस्ता बांधणे ही चूक कोणाची?

आपण गरीब, परदेशाशी बरोबरी कशी, असे कोणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगातल्या रस्त्यांवरचे 92 टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि वाहने तिथे साधारण 60 टक्केच. म्हणजे गरिबाला गाडी कमी आणि मरण जास्त. पण रंग, पत्र्याचा कठडा, गतिरोधक, पायी चालणाऱ्या कातकऱ्याला कडेची दोन हात जागा, यांना श्रीमंती लागत नाही. दुसरा आक्षेप वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांवर: ही निव्वळ वसुली. असेल. घाटात कारला ताशी 60 ची मर्यादा आहे. ती पाळणाऱ्याकडून वसुली झालीच तर त्याची तक्रार मी स्वतः लिहून देईन.

अपघातानंतर जे वाचतात त्यांचे काय? त्यांच्यासाठी आधी धावतात ते खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र ही गिर्यारोहक मंडळे, नाहीतर हातातले काम टाकून दरीत उतरणारी गावातली पोरे. मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये, हे सांगायला 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले. मोटार वाहन कायद्यात तसे कलम आले 2019 च्या दुरुस्तीने. मे 2025 पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोकड न भरता मिळायचे आहेत. योजना उत्तम. मात्र तिचा लाभ घ्यायला आधी उपचार होतील अशा जागी जिवंत पोचावे लागते, आणि कर्जतचा गंभीर जखमी बहुधा पुढे पनवेल-कामोठ्याकडे पाठवला जातो. कायद्याने 'सुवर्ण तास' अपघातानंतरच्या एका तासाचा ठरवला आहे. रविवारी संध्याकाळी फार्महाउसवरून परतणाऱ्या गाड्या कर्जतच्या चारफाट्यावर उभ्या असतात, तेव्हा या तरतुदीची प्रत रुग्णवाहिकेच्या पुढच्या काचेवर चिकटवून पाहावी.