आजारी पडण्यापूर्वी पोस्टिंग पाहावे

फौजेत आजारी पडायचं असेल तर आधी आपण कुठं आहोत ते बघून घ्यावं. रक्तदाब वाढवायचाच असेल तर बर्फात वाढवावा, निदान सीमेवर तरी. पीस स्टेशनला असताना वाढला तर तो सरकारचा नव्हे, तुमच्या घरचा. बदलीच्या ट्रेनमध्ये वाढला तर कुणाचा, हे विचारू नये. कमिटी बसेल.

हे शहाणपण मला रिसोड तालुक्यातल्या एका मेजरांनी दिलं. मेजर हुद्द्यानं हवालदार. पण आपल्याकडे फौजेतून परतलेला कुठलाही माणूस गावच्या फाट्यावर उतरताक्षणी मेजर होतो. बिनकागदाची अशी ही एकच बढती.

मेजर भरती झाले तेव्हा फौजेच्याच डॉक्टरांनी त्यांची छाती फुगवून मोजली, दात मोजले, तळपाय न्याहाळले आणि 'फिट' लिहिलं. बावीस वर्षांनी निघताना फौजेच्याच मेडिकल बोर्डाला त्यांच्या अंगात रक्तदाब आणि झिजलेला मणका सापडला. शेरा पडला: आजार सैन्यसेवेमुळे झालेला नाही, सैन्यसेवेमुळे वाढलेलाही नाही; सबब अपंगत्व पेन्शन नाही. म्हणजे बावीस वर्षं मेजर एकटेच फौजेत होते; मणका रिसोडला घरीच बसून होता.

गंमत अशी की कायदा मेजरांच्या बाजूनं आहे. सिग्नल्समधले धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाले, १९९४ मध्ये फिट्सच्या आजारानं बोर्ड आउट झाले, आणि २ जुलै २०१३ रोजी सुप्रीम कोर्टानं त्यांच्या निमित्तानं सांगून टाकलं: भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीतच जडला असं धरा, तसं नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, शंकेचा फायदा जवानाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात राम अवतार प्रकरणात टक्क्यांचाही घोळ मिटवला. अपंगत्व वीस टक्के असेल तर पेन्शनसाठी ते पन्नास धरायचं, ही सवलत मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही द्या म्हटलं आणि सरकारची शेकडो अपिलं एका फटक्यात निकालात काढली. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनंही २०१५ मध्ये सांगितलं की आपल्याच अपंग माजी सैनिकांशी कोर्टात भांडणं थांबवा. एवढं सगळ्यांचं एकमत झाल्यावर सरकारी वकिलांनी काय करावं? त्यांनी अपिलं चालू ठेवली. बर्फाचाही फार भरवसा धरू नये. सियाचीनला राहून आलेल्या, फिट्समुळे १९८९ मध्ये घरी पाठवलेल्या एका जवानाला अपंगत्व पेन्शन द्या, असा सुप्रीम कोर्टाचा हुकूम निघाला तो एप्रिल २०२५ मध्ये.

मेजरांची फाइल मेजरांपेक्षा जास्त हिंडलेली आहे. त्यांच्या महार रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला, पेन्शनचा हिशेब प्रयागराजला, अपील समिती दिल्लीत, न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत. नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील. तिथंही नकार आला की दुसरं. मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण, जे २००७ च्या कायद्यानं जन्मलं आणि फौजींना लवकर न्याय मिळावा म्हणून २००९ मध्ये सुरू झालं. तिथं जिंकलात तरी पेढे वाटू नयेत. निकालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून पुन्हा अर्ज करायची पाळी येते. पहिला खटला 'पैसे द्या' म्हणून, दुसरा 'द्या म्हणालात ना, मग द्या' म्हणून. आपल्याकडे बांधाचे दावे असे चालतात, आजा दाखल करतो आणि नातू तारखेला जातो. पण तिथं समोर निदान भाऊबंद असतो.

उशिराच्याही दोन जाती आहेत. फौजी कोर्टाच्या दारात उशिरा आला, तर तो झोपला होता असं धरतात. सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालाच्या आधारे कित्येकांची थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांवर कापली गेली. सरकार अपिलाला उशिरा आलं, तर फाइल 'सक्षम प्राधिकाऱ्यां'कडे होती असं कळतं, आणि उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत टाचलेला असतो. मला अर्थशास्त्र कळत नाही. पण ज्या गिऱ्हाइकाचं वय सत्तर आहे त्याला 'पुढच्या महिन्यात या' म्हणण्यात दुकानदाराचं नुकसान नाही, एवढं वाशीमच्या बाजारात कुणालाही कळतं.

बरं, जी साधी पेन्शन मिळते तीही आता 'स्पर्श' नावाच्या संगणक प्रणालीतून येते. नावच स्पर्श असल्यामुळे तिला मेजरांचा अंगठा लागतो. वर्षातून एकदा ई-सेवा केंद्रात जाऊन आपण हयात असल्याचं पटवून द्यायचं. केंद्रातला पोरगा यंत्र पुसतो, बोट पुसतो, म्हणतो, "मेजर, आंगठा उमटूनच नाई राह्यला." कसा उमटेल? बावीस वर्षं बंदूक आणि त्यानंतर सोयाबीनची सोंगणी. रेषा राहिल्यात कुठं! त्यात डिस्चार्ज बुकावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. मेजर म्हणतात, "मी जिवंत हाओ याचा कागद सरकारले दरसाल पाह्यजे. सरकार जिवंत हाये याचा मले अजून नाई भेटला."

सरकारचीही बाजू आहे. कॅगनं २०२३ मध्ये दाखवून दिलं की २०१५-१६ ते २०१९-२० या काळात निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के अपंगत्व पेन्शन घेऊन गेले. जवानांमध्ये हे प्रमाण १५ ते १८ टक्के. कुणालाही वाटेल, आता साहेबलोकांचे रक्तदाब जरा नीट तपासतील. पण २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी अपंगत्व पेन्शनचे जे नवे नियम आले, ते साहेब आणि शिपाई दोघांना सारखे. समता आपल्याकडे अशी अचूक वेळी येते.

गावातली भरतीची तयारी करणारी पोरं हल्ली मेजरांकडे सल्ल्याला येतात. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, पेन्शन नाही. नोकरीमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार १५, २५ किंवा ४४ लाख एकरकमी. एकानं विचारलं, "मेजर, आजार नोकरीचाच हाये हे ठरवाले किती वर्स लागतीन?"

मेजरांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "आधी अपील टाकून ठेव. मंग भरतीले जा."